आत्यांना हाडांची सलाईन लावायची आहे, वर्षातून एकदा असते ती - तयारी काय काय करायची?

पेठेतली_सून | 3 जून, रात्री 10.15

नमस्कार मंडळी, शिवाजी पेठेतून लिहितेय. सासूबाईंना ऑस्टिओपोरोसिस निघालाय, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्यात, आम्ही त्यांना आत्याच म्हणतो. वय 71, वजन जेमतेम 43 किलो. कळलं कसं ते सांगते, हसाल. दीड वर्ष झालं आत्या म्हणायच्या की लुगडं पायात यालंय, हल्ली दुकानदार पन्ना जास्त द्यायलेत. मी पण म्हणायचे असेल बाई. मग एप्रिलात गॅसची टाकी नुसती सरकवली आणि पाठीत अशी कळ आली की तिथंच खाली बसल्या. एक्स-रे काढला तर मणका चेपलाय. डॉक्टर म्हणाले लुगडं वाढलं नाही, आत्याच कमी झाल्यात. मग डेक्सा केली, हाडं किती भरीव आहेत ते मोजायची तपासणी, त्यात टी-स्कोअर उणे 3.4 आला, उणे 2.5 च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात म्हणे.

आधी आठवड्याची गोळी दिली होती, 70 ची. चार आठवड्यांत छातीत जळजळ सुरू. नंतर पत्ता लागला की बाई ती गोळी चहाच्या घोटाबरोबर घेऊन परत गादीवर आडव्या होत होत्या!! आता डॉक्टर म्हणाले झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन लावू, वर्षातून एकदाच. त्याआधी रक्त तपासा आणि दाताच्या डॉक्टरांना दाखवून या. हाडाच्या सलाईनला दाताचा काय संबंध ते विचारायचं राहूनच गेलं, बाहेर पंचवीस पेशंट बसलेले. कुणी घेतलीय का ही? ताप येतो म्हणतात ते खरं का? शेजारच्या काकी म्हणतात सलाईन लावली की ताकद येती, तर आत्या एकदम खूष आहेत.

रंकाळ्याचा_वारा | 3 जून, रात्री 11.02

मी घेतलीय, दोनदा. पुरुष आहे, वय 58. दम्यासाठी कित्येक वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या त्यानं हाडं पोखरली. लोकांना वाटतं हा बायकांचाच आजार, मला तर डेक्साच्या रांगेत एका मावशींनी विचारलं "मिसेसना आणलंय का".

ताप येतो. मला पहिल्या वेळी दुपारी लावली आणि रात्री दोनला अशी थंडी भरली की दोन रजया, त्यावर घोंगडं. अंग म्हणजे तालमीत पहिल्या दिवशी जोर-बैठका मारल्यावर दुखतं तसं, पापण्यासुद्धा दुखत होत्या. दोन दिवसांनी सगळं गायब. दुसऱ्या वर्षी मी घाबरून सोमवार ते बुधवार रजा टाकली तर काहीच झालं नाही, घरात बसून टीव्ही बघितला.

आणि ताकद-बिकद काय येत नाही, काकींना सांगा. बाटलीला आपण सलाईन म्हणतो पण हे औषध आहे.

सिस्टरआज्जी | 4 जून, सकाळी 6.40

सूनबाई, मी कागलची, नर्सिंगमध्ये 34 वर्षं काढून रिटायर झाले. नीट सांगते, जरा लांबेल.

हाड ही दगडासारखी मेलेली वस्तू नव्हे, रोज थोडं झिजवलं जातं आणि थोडं भरलं जातं. पाळी गेल्यावर झिजवणाऱ्या पेशी जोर करतात आणि भरणाऱ्या मागं पडतात. हे औषध हाडाला जाऊन चिकटतं आणि झिजवणाऱ्यांना गप्प बसवतं. चिकटतं म्हणूनच वर्षातून एकदा पुरतं. पण हाडातनं कॅल्शियम सुटायचं कमी झालं की रक्तातलं कॅल्शियम खाली येऊ शकतं, आणि ज्याचं डी व्हिटॅमिन आधीच कमी आहे त्याचं जास्त खाली येतं. म्हणून आधी कॅल्शियम, डी आणि क्रिएटिनिन (हे किडनीचं) या तीन तपासण्या. यातली एक जरी राहिली असेल तर सलाईन लावून घेऊ नका, कोण कितीही म्हणालं तरी.

औषध 5 मिलीग्रॅम, 100 मिलीच्या बाटलीत असतं. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात जाता कामा नये, बरेच ठिकाणी अर्धा तास लावतात. त्या दिवशी उपाशी जायचं नाही, जेवून जायचं, आणि जायच्या आधी दोन ग्लास पाणी. किडनीवाटे बाहेर पडतं ते. तापाचं म्हणाल तर 2007 साली जो मोठा अभ्यास छापून आला, साडेसात हजारांच्या वर बायका होत्या त्यात, तर पहिल्या डोसनंतर शंभरात तिशीच्या वर बायकांना ताप-अंगदुखी झाली, दुसऱ्या वर्षी सहा-सात जणींना, तिसऱ्या वर्षी दोन-तीन. आणि त्याच अभ्यासात तीन वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर 70 टक्क्यांनी कमी झाले, खुब्याचे 41 टक्क्यांनी. दोन रात्रींच्या तापाला हा सौदा वाईट नाही.

गूळपोळी | 4 जून, दुपारी 1.20

मी इचलकरंजीची. एक विचारू का, घाबरवायचं नाहीये, पण माझ्या मोठ्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर होता तेव्हा हेच नाव होतं बाटलीवर. दर महिन्याला लावायचे. मग ही केमो आहे का??

सिस्टरआज्जी | 4 जून, दुपारी 2.05

नाही गं बाळा, केमो नव्हे. औषध तेच, पण कॅन्सर हाडात पसरला की 4 मिलीग्रॅम तीन-चार आठवड्यांनी देतात. इथं 5 आणि वर्षाला एकदा. केस जात नाहीत, उलट्यांचं ते प्रकरण नाही. दाताचा जो धोका लोक सांगतात तो पण त्या दर महिन्याच्या पेशंटना जास्त असतो.

दाढदुखी | 4 जून, रात्री 9.30

दाताचा विषय निघाला म्हणून लिहितोय, धंदाच तो आहे. ही औषधं चालू असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं राहतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हे फारच कमी, दहा हजारांत एखादा किंवा त्याहून कमी. पण जे आधी टाळता येतं ते नंतर कशाला ओढवून घ्या. हलणारी, किडलेली दाढ असेल तर आधी काढा, हिरडी बंद होऊ द्या, मग सलाईन. फिलिंग, साफसफाई कधीही चालते, त्याला घाबरून दात कुजवत बसू नका, असे पण पेशंट येतात माझ्याकडं. कवळी टोचत असली तर तीही घासून घ्या.

काकू मिश्री लावतात का? खरं सांगा.

पेठेतली_सून | 4 जून, रात्री 10.48

तुम्हाला कसं कळलं 😀 लावतात की. सकाळी उठलं की चहाच्या आधी मिश्री, तव्यावर स्वतः भाजतात, सगळं घर खोकतंय. खालची एक दाढ हलतीय पण, जीभ लावून लावून हलवत बसतात. उद्याच नेते.

भाऊ_बावडेकर | 5 जून, सकाळी 8.15

एवढं सगळं कशाला करालाय वहिनी. गंगावेशीत जावा, कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध रोज एक ग्लास, नाचणीची भाकरी, हाडसांधीच्या वेलाची चटणी. आमची आज्जी 93 वर्षं जगली, एक गोळी खाल्ली न्हाय, शेवटपर्यंत शेण काढत हुती. सलाईन म्हंजे डॉक्टरची दुकानदारी. कोल्हापुरात राहून हाडं ठिसूळ म्हंजे नाद खुळा झाला की.

सिस्टरआज्जी | 5 जून, सकाळी 9.00

भाऊ, तुमच्या आज्जीनं आयुष्यभर शेण काढलं, डोक्यावरनं वैरणीचे भारे आणले, उन्हात राबल्या. तेच त्यांचं औषध होतं. सुनेच्या आत्यांचा मणका आधीच चेपलाय, आता दुधानं तो परत उभा राहत नाही. दूध-नाचणी पाहिजेच, कॅल्शियम त्यातनं जेवढं मिळेल तेवढं बरं, पण ते वीट-वाळू झालं, गळती थांबवायला वेगळा गवंडी लागतो. आणि दूध तापवून प्यावं, कच्चं नको.

भाऊ_बावडेकर | 5 जून, सकाळी 9.22

बरं आज्जी. तुमच्याफुडं काय बोलायचं.

पेठेतली_सून | 11 जून, रात्री 9.55

रिपोर्ट आले. कॅल्शियम ठीक. डी व्हिटॅमिन 11! एवढं ऊन असतंय कोल्हापुरात आणि 11? डॉक्टरांनी 60,000 ची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे दिलीय. क्रिएटिनिन 1.1 आहे, रिपोर्टवर नॉर्मल छापलंय तरी डॉक्टर म्हणाले आत्ता सलाईन नको. नॉर्मल आहे तर नको का? दाढ काल काढली.

सिस्टरआज्जी | 12 जून, सकाळी 6.30

डॉक्टर बरोबर आहेत, आणि हे कळणारा डॉक्टर मिळाला म्हणून देवाला नारळ फोडा. क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचायचा नसतो. तो अंगातल्या मासावर असतो. पैलवानाला 1.1 म्हणजे किडनी ठणठणीत, 43 किलोच्या म्हातारीला 1.1 म्हणजे किडनी दमलीय. किडनी किती गाळते त्याचा हिशोब असा, 140 मधून वय वजा करायचं, म्हणजे 69. त्याला वजनानं गुणा, 2967. त्याला 72 गुणिले क्रिएटिनिन म्हणजे 79.2 नं भागा, 37 आणि वर थोडं. बाईमाणूस म्हणून त्याचे 85 टक्के, राहिले 32. हा आकडा 35 च्या खाली असेल तर ही सलाईन देत नाहीत.

आता सांगा, पाठदुखीला गोळ्या कुठल्या घेतात? आणि दिवसाला पाणी किती पितात?

आणि पुडी आठवड्याला एकच बरं का. रोज एक समजून खाणारे मी पाहिलेत, मग कॅल्शियम नको तितकं चढून माणूस ॲडमिट होतो.

पेठेतली_सून | 12 जून, रात्री 10.30

आज्जी तुम्ही घरात येऊन बघून गेल्यासारखं विचारता. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं पाठदुखीची गोळी आणवून घेत होत्या, दिवसाला दोन दोन, एप्रिलपासून, आम्हाला पत्ताच नाही, दूधवाल्या पोराकडनं मागवायच्या. आणि पाणी म्हणाल तर कुठं जायचं असलं की आदल्या दिवसापासून बंद. अंबाबाईला जायचं तरी पाणी नाही. का, तर "तिथं कुठं जाऊ मी". महाद्वार रोडला बायकांनी जायचं तरी कुठं हा प्रश्न खराच आहे, मी पण काय बोलणार. पण त्या घरात पण तसंच करतात आता, सवयच लागलीय.

रंकाळ्याचा_वारा | 12 जून, रात्री 11.10

हे सगळ्या बायकांचं आहे. माझी आई गडहिंग्लजवरनं एसटीत बसायची ती कोल्हापूर येईपर्यंत थेंब नाही.

माझ्या पहिल्या सलाईनची गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. दुपारच्या जेवणाची वेळ झालेली, तिथल्या पोरीनं चाक पूर्ण सोडलं आणि डबा खायला गेली. मला काय माहीत, मी आपला थेंब बघत पडलोय. दहा मिनिटांच्या आत बाटली रिकामी. डॉक्टरांना कळल्यावर चिडले, मग आठवड्यानं परत क्रिएटिनिन करायला लावलं. नशिबानं ठीक आलं. दुसऱ्या वेळी मी मोबाईलवर वेळ लावून बसलो. तुम्ही पण घड्याळ बघा, लाजायचं नाही.

पुण्यात_अडकलेला | 14 जून, दुपारी 12.40

मूळ राजारामपुरीचा, आता पुण्यात. मावशीला सलाईनऐवजी पोटात टोचायचं इंजेक्शन होतं, डेनोसुमॅब, सहा महिन्यांनी एकदा. किडनी कमी असेल तर ते देतात म्हणून सांगितलं होतं. इंजेक्शन छान चाललं, काही त्रास नाही, ताप नाही. पण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तारीख चुकली, आम्ही म्हटलं काय होतंय, नंतर घेऊ. नऊ महिने झाले. आणि एक दिवस भांडी घासता घासता पाठ गेली, दोन मणके. नंतर कळलं की ते इंजेक्शन सलाईनसारखं हाडात मुरून राहत नाही, बंद झालं की झीज दुप्पट जोरानं उसळते. मनानं बंद करायचंच नसतं, बंद करायचं तर डॉक्टर दुसरं औषध लावून देतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मावशीला सांगितलं असेल आणि ती विसरली. कुणी घेत असाल तर तारीख घरातल्या तिघांच्या मोबाईलवर टाका.

पेठेतली_सून | 27 जून, रात्री 9.10

अपडेट. पाठदुखीच्या त्या गोळ्या बंद, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि कंबरपट्टा दिलाय. पाण्याचं मी असं केलं, सकाळी पितळी तांब्या भरून त्यांच्या कॉटजवळ ठेवते, दुपारी परत भरते, आणि रिकामा झाला की नातवानं पाटीवर रेघ मारायची. नातू सात वर्षांचा आहे, आज्जीला सोडत नाही, "आज्जी, रेघ!" करून डोकं खातो. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन 0.9. मी आज्जींच्या हिशोबानं वहीत मांडलं, 39 आला. परत मांडलं, परत 39. डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, म्हणाले पुड्या संपू देत, हिरडी भरू दे, मग ऑगस्टमध्ये लावू.

मिश्री काही सुटत नाही. दाताच्या डॉक्टरांनी हाडाला पण तंबाखू वाईट म्हणून सांगितलं, तेव्हा दोनावरनं एकावर आल्यात. असं त्या म्हणतात.

दाढदुखी | 27 जून, रात्री 9.45

एकावर म्हणजे दीडावर 😀 चालू द्या.

पेठेतली_सून | 9 ऑगस्ट, संध्याकाळी 7.30

डी व्हिटॅमिन 34 झालं. तारीख मिळाली ती नेमकी श्रावणी सोमवारची, 11 ला. आत्यांचा कडक उपवास, पाणीसुद्धा संध्याकाळी. डॉक्टरांना फोन करून बुधवार 13 घेतला. कुणी तारीख घेणार असाल तर आधी कालनिर्णय बघून घ्या. आता कालनिर्णय बघूनच लक्षात आलं की 15 ला सुट्टी आहे, ताप आला आणि डॉक्टर नसले तर?

सिस्टरआज्जी | 9 ऑगस्ट, रात्री 8.00

आधीच विचारून ठेव, पॅरासिटामॉल किती नि कधी द्यायचं ते चिठ्ठीवर लिहून घे. बरेच डॉक्टर सलाईनच्या दिवशीच सुरू करायला सांगतात, ताप यायची वाट न बघता. हे एवढं बघ: ओठाभोवती, बोटांत मुंग्या येणं, हाताला पेटके येणं, म्हणजे कॅल्शियम खाली गेलंय. डोळा लाल होऊन दुखणं. लघवी कमी होणं. यातलं काही झालं तर सुट्टी असो नसो, सरळ दवाखाना. नुसता ताप नि अंगदुखी असेल तर घरी बसायचं.

पेठेतली_सून | 13 ऑगस्ट, संध्याकाळी 6.15

झालं बाई एकदाचं. सकाळी भाकरी, दोडक्याची भाजी, दूध, दोन ग्लास पाणी. रिक्षात बसताना म्हणतात आता मध्ये थांबायला लागलं तर? मी म्हटलं थांबू. दोनदा थांबलो, एकदा माझ्या माहेरी. शिर सापडायला वेळ लागला, हात गार पडले होते एसीनं, सिस्टरनं गरम पाण्याची पिशवी ठेवली मग लगेच मिळाली. 11.20 ला सुरू, 11.50 ला संपली, मी घड्याळ मोबाईलवर समोर धरूनच बसले होते, सिस्टर हसल्या पण चाक हळूच ठेवलं. बाजूच्या कॉटवरच्या बाईंना आत्या सांगत होत्या की ही हाडांची आहे, ताकदीची नव्हे. घरी येऊन झोपल्यात. ताप नाही.

पेठेतली_सून | 14 ऑगस्ट, पहाटे 3.40

कुणी जागं आहे का. 101.4. दातावर दात वाजालेत, अंगाला हात लावू देत नाहीत. मुंग्या नाहीत, विचारलं. गोळी रात्री दहाला दिलेली. शेजारच्या काकी उठून आल्यात, म्हणतात पावसाळा आहे, डेंग्यू असेल, नाहीतर कंबरेत एक सुई मारून आणा तापाची.

रंकाळ्याचा_वारा | 14 ऑगस्ट, पहाटे 3.52

मी जागा आहे, दमा झोपू देत नाही. वहिनी हे तेच आहे, माझं पण असंच झालं होतं आणि जवळजवळ याच वेळेला. चिठ्ठीत किती तासांनी लिहिलंय ते बघून पुढची गोळी द्या. कोमट पाणी पाजा. सुई नको, वेदनाशामक सुई किडनीवर जाते, आत्ता तर अजिबात नको.

पेठेतली_सून | 14 ऑगस्ट, पहाटे 4.30

सहा तासांनी लिहिलंय, चार वाजता दिली. घाम यायला लागलाय. काकींना चहा करून देऊन घरी पाठवलं. थँक्यू हो.

पेठेतली_सून | 15 ऑगस्ट, दुपारी 1.00

काल दिवसभर 100 च्या आसपास, गुडघे, मनगटं, जबडासुद्धा दुखत होता. नुसती पेज. रात्री परत चढला पण कमी. आज सकाळी उतरला. हे कोपऱ्यावरनं जिलेबी घेऊन आले, 15 ऑगस्टला कोल्हापुरात जिलेबी नाही असं घर सापडायचं नाही, तर आत्या कॉटवरनं म्हणाल्या मला दोन द्या. दोन खाल्ल्या, वर मिश्री कुठाय विचारलं.

भाऊ_बावडेकर | 15 ऑगस्ट, दुपारी 1.25

जिलेबी खाल्ली म्हंजे माणूस दुरुस्त. वहिनी, माझ्या आईची पण डेक्सा करून आणली हो, कुणाला सांगितलं न्हाय. उणे 2.1 आलंय. डॉक्टर म्हणाले अजून सलाईन नको, चालणं आणि डी बघा. रोज रंकाळ्याला एक फेरी चालू केलीय.

पेठेतली_सून | 5 ऑक्टोबर, रात्री 9.20

पुष्कळ जण व्यनि करून विचारतायत म्हणून लिहिते. आत्या बऱ्या आहेत. मध्ये रुसल्या होत्या, कंबर अजून दुखालीय म्हणजे एवढं करून लागू पडलं नाही म्हणून. डॉक्टरांनी समजावलं की ही दुखणं थांबवायची नाही, पुढचं हाड मोडू नये म्हणून आहे, फरक डेक्सात दिसेल तो पण वर्ष-दोन वर्षांनी. तीन वर्षं लावून मग मधे थांबायचं का ते बघणार आहेत. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखायला लागलं तर सांगायचं आहे, पुष्कळ वर्षं औषध घेतलं तर क्वचित मांडीचं हाड चिरतं म्हणे. मोरीत शहाबादी फरशी होती ती खडबडीत करून घेतली, भिंतीला धरायला दांडी लावली. सोप्याच्या उंबऱ्यावर पांढरा पट्टा मारला तर म्हणतात घराचा एसटी स्टँड केला.

लुगड्यांना आता आतनं चार बोटं दुमडून शिलाई मारून देते. आधी नको म्हणाल्या, मग स्वतःच आठ काढून दिली.

नवीन_आहे | 18 ऑक्टोबर, रात्री 10.05

पूर्ण धागा वाचला, फार उपयोग झाला. बाबांना सोमवारी आहे, पहिलीच वेळ. रिपोर्ट, दात सगळं झालंय. बरोबर काय न्यायचं?

पेठेतली_सून | 18 ऑक्टोबर, रात्री 10.20

स्वेटर न्या, पायमोजे पण, एसी लई असतोय आत. चिठ्ठी आणि तापाची गोळी. आणि पाण्याचा तांब्या घरातनंच न्या, तिथल्या कूलरचा ग्लास साखळीला बांधलेला होता, आत्यांनी हातपण लावला नाही त्याला.